घरी सांगण्याआधीचे महिने : हॉर्मोननंतरचे बदल केव्हा दिसतात आणि कसे झाकायचे

ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या बातम्या आता वरचेवर येतात. कुणाची भरती, कुणाचं ओळखपत्र, कुणाची शस्त्रक्रिया. बातमीत ती व्यक्ती थेट नव्या नावाने आणि नव्या वेशात भेटते. मधला काळ कुठेच येत नाही. उपचार सुरू झालेत, शरीर हळूहळू बदलतंय, पण घरात, वर्गात किंवा कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या पाळीवर अजून कुणालाच काही माहीत नाही, असा तो काळ. कुणासाठी तो चार महिन्यांचा असतो, कुणासाठी दोन वर्षांचा.

या काळात काय दिसतं, काय झाकता येतं, कसं झाकायचं आणि काय झाकायच्या फंदात पडूच नये, ते इथे मांडलं आहे. मजकूर १८ वर्षांवरच्या आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपचार घेणाऱ्यांसाठी आहे. ज्यांच्या घरात असं कुणी असू शकेल, त्यांनीही वाचावा. पोरगं अंग का चोरतंय, ते कदाचित उमजेल.

## मुळात शरीरात काय होतं

जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झालेली, पण स्वतःला स्त्री म्हणून ओळखणारी व्यक्ती म्हणजे ट्रान्स स्त्री. याच्या उलट तो ट्रान्स पुरुष. आपल्या ओळखीप्रमाणे शरीर, वेश, नाव आणि कागदपत्रं बदलण्याच्या प्रवासाला ट्रान्झिशन म्हणतात. सगळेच हॉर्मोन घेतात असं नाही, पण जे घेतात त्यांच्यासाठी झाकण्याचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

ट्रान्स स्त्रीला साधारणपणे दोन औषधं असतात. एक एस्ट्रॅडिऑल, म्हणजे स्त्री-हॉर्मोन. दुसरं शरीरातल्या पुरुष-हॉर्मोनला आवर घालणारं, जसं स्पायरोनोलॅक्टोन किंवा सायप्रोटेरोन. ट्रान्स पुरुषाला बहुधा एकच असतं, टेस्टोस्टेरॉन. ही औषधं शरीराला दुसऱ्यांदा वयात आणतात. वयात येणं एका आठवड्यात उरकत नाही, तसं हेही उरकत नाही.

गुऱ्हाळात काहिलीत रस उकळत असतो, तेव्हा बराच वेळ बघणाऱ्याला काही वेगळं दिसत नाही. त्या टप्प्यावर आच काढली तर रस फार बदललेला नसतो. पण एकदा ढेप बसली की तिचा पुन्हा रस होत नाही. हॉर्मोनच्या बदलांचंही असंच आहे. त्वचेचा मऊपणा, अंगावरची चरबी, स्नायूंची ताकद या गोष्टी औषध थांबवल्यावर बऱ्याच अंशी मागे फिरतात. ट्रान्स स्त्रीची वाढलेली छाती आणि ट्रान्स पुरुषाचा फुटलेला आवाज मागे फिरत नाहीत. झाकण्याचं सगळं नियोजन या फरकावर बेतायचं असतं.

## ट्रान्स स्त्री : काय केव्हा दिसतं

पहिल्या तीन महिन्यांत जे बदलतं, ते बहुतेक स्वतःलाच कळतं. लैंगिक इच्छा आणि सकाळचा ताठरपणा कमी होतो. वीर्यातले शुक्राणूही घटू लागतात. पुढे मूल हवं असेल तर पहिल्या गोळीच्या आधीच शुक्राणू गोठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांशी बोलायला हवं. नंतर ती संधी मिळेलच, असं धरून चालू नये.

तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान त्वचा कमी तेलकट होते, चरबी मांड्या-नितंबांकडे सरकू लागते, ताकद उतरते आणि छातीची वाढ सुरू होते. अंगावरचे केस विरळ व्हायला सहा ते बारा महिने लागतात. छाती आणि चरबीचा बदल पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ जातो. आवाज औषधाने अजिबात बदलत नाही आणि दाढीही जात नाही.

ताकद उतरण्याचा मुद्दा कोल्हापुरात विशेष आहे. फौंड्रीत, लोडिंगवर किंवा तालमीत ज्याच्या अंगबळाची सगळ्यांना सवय आहे, त्याचा जोर सहा महिन्यांत कमी झाला की सोबत्यांच्या लगेच लक्षात येतं. हिमोग्लोबिनही थोडं खाली येतं, त्यामुळे दम लवकर लागतो. पूर्वीइतकंच वजन उचलून दाखवण्याच्या हट्टापायी पाठ दुखावू शकते. दुसरं काम मागून घ्यावं किंवा व्यायाम ‘वजन कमी करण्याचा’ करून टाकावा.

## छातीची गाठ

सगळ्यात आधी लक्षात येतं ते स्तनाग्राच्या मागे, त्वचेखाली, नाण्यासारखं चपटं आणि टणक काहीतरी. ती स्तनग्रंथीची सुरुवात असते. वयात येणाऱ्या मुलींना येते तशीच. ती दुखते आणि बरेचदा एका बाजूला आधी येते. पहिल्या वर्षात बहुतेकींची वाढ लहानच राहते. म्हणजे जितकी धास्ती वाटते, त्यापेक्षा झाकण्याचा काळ लांब मिळतो.

पहिले काही महिने आकारापेक्षा दुखण्यामुळेच गोष्ट उघड होते. केएमटी बसच्या गर्दीत कुणाचं कोपर लागलं, मित्राने कडकडून मिठी मारली, दुचाकीवर मागे बसलेल्याने छातीशी हात घट्ट धरला, की माणूस कळवळतो. कळवळला की प्रश्न येतो. गर्दीत सॅक पाठीवरून पुढे घ्यावी. सॅकला छातीवर येणारा आडवा पट्टा असेल तर तो लावू नये. दुचाकीवर मागे बसणाऱ्याला मागची कडी धरायला सांगावं. पालथं झोपणं बंद करावं.

दुसरी अडचण स्तनाग्रांची. आकार दिसत नसला तरी थंडीत किंवा एसीत ती शर्टातून टोचून दिसतात. घरगुती उपाय म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढी सुती जाळी ठेवून तिच्यावर मायक्रोपोर कागदी पट्टी लावणे. काढताना खोबरेल लावून मऊ करावी. ओढून काढली तर नाजूक त्वचा सोलते, आणि मग आठ दिवस पट्टी लावता येत नाही. सिलिकॉनचे गोल तुकडे मिळतात तेही चालतात, पण घामात सुटतात.

छाती घट्ट आवळू नये. वाढती ग्रंथी दाबली की दुखणं वाढतं, आणि एवढ्या लहान आकाराला त्याची गरजही नसते. पुरुषांना स्तनवाढीसाठी मिळणारं हलकं दाबाचं बनियन पुरेसं होतं. तेही दिवसाचे काही तासच. बऱ्याचदा जाड विणीचं, गोल गळ्याचं, अर्ध्या बाहीचं साधं बनियनच काम भागवतं. सँडो बनियन टाळावं, कारण त्याची काखेतली कापणी नेमकी छातीच्या कडेला येते आणि उभार दाखवते. पांढऱ्या शर्टाखाली पांढरं बनियन उठून दिसतं. करडं किंवा अंगाच्या रंगाचं कमी दिसतं.

## शर्ट कसा असावा

बरेच जण इथे उलटं करतात. ते ढगळ टी-शर्ट घेतात. टी-शर्टचं कापड विणलेलं, लोंबणारं असतं. ते उभारावर टेकतं आणि तिथून खाली सरळ पडतं, त्यामुळे आकार उलट नीट दिसतो. त्यापेक्षा थोडं ताठ, न लोंबणारं सुती शर्टिंग चांगलं. इचलकरंजीचं कापड घराजवळच मिळतं. त्यातलं मध्यम जाडीचं पॉपलिन किंवा ऑक्सफर्ड घ्यावं. एकरंगी फिकट कापडापेक्षा बारीक चौकडी बरी, कारण सावली नक्षीत हरवते. रुंद आडव्या पट्ट्या नकोत. उभारावर पट्टी वाकली की डोळा तिथेच जातो.

शिंप्याकडे दोन्ही बाजूंना झाकणाचे खिसे सांगावेत. दुहेरी कापड आणि झाकण मिळून छातीवर तीन-चार थर होतात, आणि तेही कुणाला वावगं न वाटता. पाठीला प्लेट असावी, छातीला अंगापेक्षा चार-पाच इंच सैल. खांदा मात्र मापाचाच हवा. खांदा उतरला की पूर्ण शर्ट उसना घेतल्यासारखा दिसतो. अंगावर टेप लावून घ्यायचा नसेल तर मापाला जुना शर्ट द्यावा. आपल्याकडे ही रीत आहेच, शिंपी काही विचारत नाही.

तपासणी आरशासमोर सरळ उभं राहून करू नये. समोरून जवळपास काहीच दिसत नाही. खिडकीचा उजेड कडेने पडेल असं तिरकं उभं राहावं, दोन्ही हात वर करावेत, वाकून बुटाची नाडी बांधावी आणि फोनवर त्याचं चित्रण बघून लगेच पुसून टाकावं. खांदे पुढे पाडून चालण्याची सवय लावून घेऊ नये. त्याने मान-पाठ धरते, आणि माणूस काहीतरी लपवतोय हे लांबूनच कळतं.

## पाऊस, रंगपंचमी आणि उघडं अंग

सगळं नियोजन पाण्यात जातं, अगदी शब्दशः. कोल्हापुरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत शर्ट कोरडा राहण्याची हमी नाही. ओलं सुती कापड अंगाला चिकटतं आणि आतलं सगळं दिसतं. जाकीट आणि पँट असा दोन तुकड्यांचा रेनकोट छत्रीपेक्षा बरा. जाकीट आत गेल्यावरही काही वेळ अंगावर राहिलं तरी कुणी विचारत नाही. सॅकमध्ये एक कोरडं बनियन कायम असावं.

रंगपंचमीला आणि गणपती विसर्जनाला गडद, जाड शर्ट घालावा, कारण पाणी टाळता येणार नाही. पंचगंगेवर पोहायला जाणारा गट असेल, तर ‘कानाला पाणी लागतं’, ‘अंगावर पुरळ आहे’ अशी किरकोळ कारणं एक-दोनदा चालतात. दर रविवारी चालत नाहीत. उपचार सुरू होण्याआधी दोन-तीन महिने हळूहळू जाणं कमी करणं अधिक बरं. सवय आधी सुटली की गैरहजेरी नव्या बदलाशी कुणी जोडत नाही. हाच नियम घरात उघड्या अंगाने वावरण्याला, गच्चीवर उघडं झोपण्याला आणि पूजेला सोवळं नेसून बसण्यालाही लागू. पूजेत उपरणं अंगभर घेता येतं, पण ओणवं झालं की सरकतं. काखेखाली खोचून घ्यावं.

तालमीत जाणाऱ्यासाठी मात्र सांगण्यासारखी सोय नाही. लंगोटावर मातीत उतरल्यावर झाकण्यासारखं काही उरत नाही, आणि छातीवर घाव बसला तर दुखापत होते. कुस्ती आधी थांबवावी, औषध नंतर सुरू करावं.

## दाढी : जी अचानक गेली तर दिसते

दाढी लेझरने जाते. लेझर केसातल्या काळ्या रंगावर काम करतं, म्हणून पांढऱ्या केसांवर उपयोग नाही. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं एनडी-याग यंत्र तुलनेने सुरक्षित मानलं जातं, कारण ते त्वचेच्या रंगात कमी शोषलं जातं आणि भाजून डाग पडण्याची भीती कमी असते. कोणतं यंत्र आहे, हे पार्लरमध्ये किंवा दवाखान्यात विचारूनच बसावं. दोन बैठकींत चार ते सहा आठवड्यांचं अंतर असतं, बैठकी अनेक लागतात. मधल्या काळात वस्तऱ्याने किंवा रेझरने दाढी करायला हरकत नाही, पण केस उपटू नयेत. मूळच नसेल तर लेझर कशावर काम करणार?

बैठकीनंतर एक-दोन दिवस चेहरा लालसर राहतो, म्हणून शुक्रवारी संध्याकाळची वेळ घ्यावी. पुढचे दोन-तीन आठवडे जळलेले केस काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि गळतात. उन्हात सनस्क्रीन लावल्याशिवाय जाऊ नये. खरी अडचण म्हणजे केस ठिकठिकाणी जातात आणि दाढी वाढवली तर चट्टे दिसतात. म्हणून उपचाराच्या काही महिने आधीच रोज गुळगुळीत दाढी करायला लागावं. ज्या गावात मिशीचा एवढा मान आहे, तिथे मिशी काढण्याची चर्चा होणारच. ती चर्चा आधीच होऊन विझू द्यावी. लेझरवाल्याला गळा आणि गाल आधी घ्यायला सांगावं, हनुवटी आणि ओठ शेवटी. गालाची कड नीट करून घेणारे पुरुष पुष्कळ आहेत, त्यामुळे तेवढ्यावरून कुणाला शंका येत नाही.

## ट्रान्स पुरुष : इथे घड्याळ वेगाने चालतं

टेस्टोस्टेरॉनने पहिल्या सहा महिन्यांत त्वचा तेलकट होते, मुरमं येतात, पाळी थांबते आणि आवाज खरखरीत होऊ लागतो. ओठावर, हनुवटीवर केस यायला सहा महिने ते वर्ष, पूर्ण दाढीला चार-पाच वर्षं.

ओठावरची लव सगळ्यात सोपी. मुली-बायका थ्रेडिंग करतातच. मुरमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम मिळतं, पण ते टॉवेल आणि उशीच्या अभ्र्यावर पांढरे डाग पाडतं. वेगळा पांढरा टॉवेल ठेवावा.

पाळीचं अवघड आहे. अजून कित्येक घरांत ‘अडचण’ आली की देवघराला शिवायचं नाही. त्यामुळे कुणाची तारीख केव्हा, हे आईला आणि आजीला तोंडपाठ असतं. दोन महिने देवाला शिवणं थांबलं नाही की विचारणा होते. आधीच्याच तारखांना दोन-तीन दिवस बाजूला राहणं एवढंच हातात असतं. ते अपमानास्पद वाटू शकतं, आणि तसं वाटणं साहजिक आहे. पाळी थांबली म्हणजे गर्भ राहत नाही, हा समज मात्र धोक्याचा आहे. बीज बाहेर पडू शकतं आणि टेस्टोस्टेरॉन गर्भाला घातक आहे. गरज असेल तर वेगळी गर्भनिरोधक सोय हवीच.

आता आवाज. कापडाने झाकता न येणारा हा एकमेव मोठा बदल, आणि तो कायमचा. ‘घसा बसलाय’ हे कारण पंधरा दिवस चालतं, ‘ॲलर्जी’ आणखी महिनाभर. रोज बोलणाऱ्यांच्या कानाला सवय होत जाते. गडहिंग्लजची मावशी महिन्याने फोन करते, तिला पहिल्या ‘हॅलो’तच कळतं. म्हणून ट्रान्स पुरुषाने झाकण्याची मुदत महिन्यांतच मोजावी. डोस हळूहळू वाढवायचा का, हे डॉक्टरांशी बोलता येतं. पण हळू म्हणजे थोडा उशीर, एवढंच. सुरू करण्याआधी एकाला तरी घरात सांगता येईल का, याचा विचार करावा. आमच्या मते ट्रान्स पुरुषासाठी हाच सगळ्यात उपयोगाचा सल्ला आहे.

## बाइंडर : काय चुकतं आणि का

छाती सपाट दाखवणाऱ्या, समोर न ताणणारं कापड असलेल्या घट्ट बनियनला बाइंडर म्हणतात. माप सगळ्यात भरीव भागावरून टेपने घ्यावं आणि कंपनीच्या तक्त्यात जो आकार येईल तोच घ्यावा. एक आकार लहान घेऊन छाती जास्त सपाट होत नाही, बरगड्या मात्र दुखतात. पहिल्या आठवड्यात रोज एक-दोन तास, मग वाढवत जास्तीत जास्त आठ तास. झोपताना, पळताना, खोकला किंवा दमा असताना घालू नये. आठवड्यातून निदान एक दिवस पूर्ण सुट्टी.

बाइंडर घरी मागवता येत नाही म्हणून मेडिकलमधून क्रेप बँडेज आणून गुंडाळणारे बरेच आहेत. ते करू नये. क्रेप बँडेज हालचालीबरोबर आवळत जातं, बरगड्या फुगायला जागा राहत नाही. बरगडीला इजा होऊ शकते, फुफ्फुसात कफ साचू शकतो. बॉक्स बांधायची चिकटपट्टी त्याहून वाईट. सोयच नसेल तर व्यायामाची एक चांगली घट्ट ब्रा आणि वर ताठ शर्ट, एवढ्यावर भागवावं. हाताला मुंग्या, श्वास अपुरा, चक्कर किंवा बरगडीत टोचल्यासारखं दुखणं यातलं काहीही झालं, तर जिथे असाल तिथलं स्वच्छतागृह गाठून काढून टाकावं.

पावसाळ्यात दुसरंच संकट. दमट बाइंडर पुन्हा घातलं की स्तनाखालच्या घडीत नायटा होतो. मेडिकलवाला जे मिश्रण-मलम देतो, त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, मग नायटा दुप्पट पसरतो आणि औषधाला दाद देत नाही. त्वचेच्या डॉक्टरांकडेच जावं. दोन बाइंडर असावेत, हाताने धुऊन टॉवेलच्या घडीत पिळावेत आणि दोरीवर मोठ्या टॉवेलखाली, पंख्यासमोर वाळवावेत. तिथे ते दिसतही नाही.

## सांगितलेली कारणं कधी उलटतात

‘वजन वाढलंय’ हे ट्रान्स स्त्रीसाठी सर्वांत निरुपद्रवी कारण आहे, आणि काही प्रमाणात खरंही असतं. आजाराचं नाव घेणं मात्र अंगाशी येतं. मुलाने घरी सांगितलं की छातीला गायनेकोमास्टिया, म्हणजे पुरुषांमधली स्तनवाढ, झालीय. काळजी करणारे वडील काय करतील? डॉक्टरांकडे नेतील. रक्त तपासलं जाईल, पुरुष-हॉर्मोन तळाला गेलेला दिसेल, मग सोनोग्राफी होईल आणि शेवटी ग्रंथी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सुचवली जाईल. ट्रान्स पुरुषाने ‘पीसीओडी’, म्हणजे अंडाशयांचा विकार, आहे म्हटलं की हीच साखळी उलट दिशेने चालते. टेस्टोस्टेरॉन इतकं जास्त दिसतं की डॉक्टर अंडाशयात किंवा अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीत गाठ शोधू लागतात. घरचे घाबरतात, पैसा जातो. आजाराचं नाव न घेता थोडक्यात टाळणं जास्त सुरक्षित.

## औषधं आणि कागद

गोळ्या दुसऱ्या औषधाच्या डबीत ओतू नयेत. स्पायरोनोलॅक्टोन रक्तदाबासाठीही देतात. ‘बीपीची गोळी’ म्हणून आजीने उचलली तर तिला त्रास होऊ शकतो. पाकीट नावासकट ठेवावं, कुलपात ठेवावं. या गोळीने लघवी जास्त होते, पोटॅशियम वाढू शकतं. म्हणून रोज शहाळं आणि ‘कमी सोडियमचं’ मीठ डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. एस्ट्रॅडिऑल किंवा टेस्टोस्टेरॉनचं जेल लावत असाल तर हात साबणाने धुवावेत आणि लावलेला भाग कपड्याने झाकावा. कडेवर घेतलेल्या भाच्याच्या अंगाला ते लागू शकतं. घरात इंजेक्शनच्या बाटल्या नको असतील तर दवाखान्यात दहा ते चौदा आठवड्यांनी घ्यायचं टेस्टोस्टेरॉन अनडेकानोएट असतं, त्याबद्दल विचारावं.

लॅबला स्वतःचाच मोबाइल नंबर द्यावा, कारण अहवाल व्हॉट्सॲपवर येतो. वडिलांच्या विम्यात दावा केला तर तपशील त्यांच्याकडे जातो. गल्लीतल्या मेडिकलऐवजी राजारामपुरीसारख्या गजबजलेल्या भागातून औषध घ्यावं.

आणि स्वतःच्या मनाने काहीही सुरू करू नये. गर्भनिरोधक गोळ्या स्वस्त आणि सहज मिळतात म्हणून काही ट्रान्स स्त्रिया त्याच घेतात. त्यात बहुतेक वेळा एथिनिल एस्ट्रॅडिऑल असतं, आणि त्याने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका एस्ट्रॅडिऑलपेक्षा बराच जास्त असतो. सिगारेटची जोड मिळाली तर आणखी. एकाच पोटरीला सूज, छातीत कळ किंवा अचानक धाप लागली तर सरळ रुग्णालयात जायचं आणि काय घेतो ते सगळं सांगायचं.

## डॉक्टरांनी घरी सांगितलं तर?

ही भीती खरी आहे, पण त्यासाठी डॉक्टरांपासून लपवणं हा उपाय नाही. लपवायचं ते लोकांच्या नजरेपासून. भूल देणाऱ्या डॉक्टरला, अपघात विभागाला आणि रक्त तपासणाऱ्याला सांगावंच लागतं. पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी असते, ती चुकवू नये. सज्ञान रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे, आणि २४ ऑगस्ट २०१७ पासून खासगीपणा हा सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेला मूलभूत हक्क आहे. पहिल्याच भेटीत ‘घरच्यांना फोन करू नका, चिठ्ठीवर एवढंच लिहा’ असं स्पष्ट बोलावं. आपलं नाव मोठ्याने पुकारलं जाणार असेल तर खिडकीवर आधीच सांगून ठेवावं. ‘उपचार करून मुलाला नीट करतो’ म्हणणारा भेटला तर तिथून उठावं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा उपचाराला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे.

## ही फसवणूक नाही का?

आपलं शरीर, आपला आजार, आपला पगार यातलं काय कुणाला केव्हा सांगायचं, हे प्रत्येक सज्ञान माणूस ठरवतोच. ज्याला घरातून बाहेर काढलं जाण्याची, शिक्षण तुटण्याची किंवा मार खाण्याची भीती आहे, त्याने पायाखाली जमीन येईपर्यंत गप्प राहणं ही फसवणूक नाही. १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंग-ओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. ती केव्हा उघड करायची, हेही मग त्याच माणसाच्या हाती असायला हवं.

एका ठिकाणी मात्र हे समर्थन लागू होत नाही. घरच्यांनी स्थळ आणलं आणि गप्प राहून लग्न केलं, तर त्यात दुसऱ्या व्यक्तीचं आयुष्य अडकतं. तिथे झाकणं थांबलं पाहिजे, मग परिणाम काहीही होवो. निदान लग्नाला ठाम नकार तरी द्यायलाच हवा.

## ‘आपल्याकडे जोगते आहेतच, मग भीती कसली?’

हा प्रश्न इथे हमखास येतो. यल्लम्मा-रेणुकेच्या नावाने साडी नेसणारे, सौंदत्तीला जग, म्हणजे देवीची मूर्ती, डोक्यावर घेऊन जाणारे जोगते कोल्हापूरकरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत, त्यांच्या पाया पडले आहेत. पण तो मान देवीच्या सेवेतल्या माणसाला आहे. तोच मुलगा डिप्लोमा करून गोकुळ शिरगावच्या कारखान्यात मशीनवर उभा राहायचा म्हणतो, बहिणीच्या लग्नात साडी नेसून फोटोत उभा राहायचा म्हणतो, तेव्हा त्याच घरातून विरोध होतो. जोगता होणं ही ज्याची त्याची श्रद्धा आहे. पण घरात राहायची जागा मिळावी म्हणून कुणाला जोगता व्हावं लागू नये.

## सांगायचं ठरलं की

छातीचा उभार सैल शर्टातूनही कडेने दिसू लागला, आवाज फुटला किंवा बाइंडरशिवाय दारात जाणं अशक्य वाटू लागलं, की झाकण्याची मुदत संपत आली असं समजावं. त्या आधीच एक माणूस निवडावा. बहुतेक घरांत तो बहीण किंवा मामी असतो, क्वचित आजीही. वडिलांना पहिल्यांदा सांगण्याचा अट्टहास नको. गणपती, दिवाळी किंवा घरातलं लग्न या दिवसांत सांगू नये. घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि ‘लोक काय म्हणतील’ हीच पहिली प्रतिक्रिया येते. दुपारच्या निवांत वेळी, दार उघडं असताना सांगावं, आणि रात्री दुसरीकडे झोपायची सोय आधी करून ठेवावी.

आधार कार्ड, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, बँकेचं पासबुक आणि औषधाची चिठ्ठी एका पिशवीत, विश्वासाच्या मित्राकडे त्या दिवसाच्या आधीच द्यावी. तिच्यातच दोन महिन्यांची औषधं ठेवावीत. घाईत घर सोडावं लागलं तर औषध अचानक बंद पडू नये, म्हणून.